योगाची चटई आणि पाळ्यांचा तक्ता

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील साधारण दीडशे माणसांच्या एका कारखान्यात मी काही वर्षे कर्मचारी विभाग सांभाळला. एका वर्षी २१ जूनला आम्ही योगदिन साजरा केला. कँटीनमधली टेबले भिंतीला लावून चटया अंथरल्या, फलक लावला, प्रशिक्षक बोलावले आणि संख्या भरावी म्हणून रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसांनाही तासभर थांबवून घेतले. तेवढ्यात त्यांची बस निघून गेली, हे फोटो काढून झाल्यावर लक्षात आले. त्याच आठवड्यात पुढच्या पाळ्यांचा तक्ता नेहमीप्रमाणे शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लागला. तक्त्यासमोर उभा असलेला एक ऑपरेटर मला म्हणाला, "साहेब, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलंत, बरं झालं. पण सोमवारी कुठल्या पाळीला यायचं ते जरा आधी कळलं, तर पोरांना शाळेत कोण सोडणार ते घरी ठरवता येईल."

कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य आणि त्यांची प्रगती यांबाबत मालकाने काय करावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या सभागृहांतून लहान कारखान्यांच्या कार्यालयांपर्यंत येऊन पोहोचला आहे. त्यावरचे उपाय ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात माणसाला अधिक कणखर करण्याचा प्रयत्न असतो: योगवर्ग, ध्यानाचे मोबाइल ॲप, ताणतणावावरचे व्याख्यान, फळांची टोपली. दुसऱ्या प्रकारात कामाचीच मांडणी बदलली जाते, म्हणजे कामाचे तास, रजेची पद्धत, सुपरवायझरची वागणूक, कामगाराच्या हाती असलेले निर्णय आणि शिकण्याची संधी यांत बदल होतो. पहिला प्रकार विकत आणता येतो आणि फोटोत छान दिसतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. दुसऱ्यासाठी उत्पादन विभागाशी भांडावे लागते.

कोणता प्रकार उपयोगी पडतो, याचा अभ्यास झालेला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानवर्ग, मानसिक कणखरपणाचे प्रशिक्षण, स्वास्थ्याची ॲप असे वैयक्तिक पातळीवरचे कार्यक्रम घेतलेले कर्मचारी ते न घेतलेल्यांपेक्षा सुस्थितीत असल्याचे त्यात आढळले नाही. सामाजिक कामात स्वयंसेवा करण्याची संधी हा एकच ठळक अपवाद होता. हा एका वेळी घेतलेल्या माहितीचा अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु त्याआधी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांपैकी कोणाला आरोग्य-कार्यक्रमात घ्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून प्रयोग केला गेला होता, आणि त्यातही वैद्यकीय खर्च, गैरहजेरी किंवा आरोग्याच्या सवयी यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता. योग वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. मी स्वतः रोज करतो. बारा तास उभे राहणाऱ्या माणसाची पाठ दुखते तेव्हा तिचे कारण बारा तासांत शोधावे, इतकाच याचा अर्थ आहे.

कामाचा ताण नेमका कशातून येतो? आपण सहसा म्हणतो की काम जास्त असले की ताण जास्त. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली या समजुतीत एक महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांच्या मांडणीनुसार कामाची मागणी किती आहे याच्या जोडीला ते काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा माणसाला किती आहे, हेही पाहावे लागते. मागणी जास्त आणि मुभा कमी असते तिथे ताण सर्वांत घातक असतो. आपल्या कारखान्यातले उदाहरण घेऊ. टूलरूममधल्या फिटरचे काम कठीण असते, चूक महागात पडते, घाईही असते. पण कोणता भाग आधी घ्यायचा, कुठली कानस वापरायची, चहा आत्ता प्यायचा की हे माप जुळल्यावर, हे तो ठरवतो. जुळणीच्या लाइनवरच्या मुलीला दर पंचेचाळीस सेकंदांनी समोर येणाऱ्या भागावर तेच चार स्क्रू बसवायचे असतात, आणि लघवीला जायचे असले तरी हात वर करून रिलिव्हर म्हणजे बदलीचा माणूस येईपर्यंत थांबावे लागते. संध्याकाळी दोघेही दमतात, पण फिटर घरी जाऊन आजचा जॉब, म्हणजे घडवायला आलेला भाग, कसा काढला ते सांगतो. त्या मुलीकडे सांगण्यासारखे काही नसते.

या मुभेचा संबंध थेट हृदयाशी जोडता येतो, हे लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांतून दिसले. १९६७ पासून सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळले. हे सर्व सरकारी नोकरीतले, नियमित पगार मिळवणारे लोक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या कारणांनी हा फरक अंशतःच उलगडत होता. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आपल्या कामावर आपले नियंत्रण कमी असणे आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे आला. साहेबाला ताण जास्त, म्हणून साहेबाला हार्ट ॲटॅक, ही आपली आवडती समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

ब्रिटनच्या 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह' या सरकारी यंत्रणेने हेच शास्त्र मालकांना वापरता यावे म्हणून सहा प्रश्नांत बसवले आहे. कामाचा बोजा पेलण्याजोगा आहे का, कामाच्या पद्धतीत माणसाला मत आहे का, अडल्यास मदत मिळते का, एकमेकांशी वागणे सभ्य आहे का, आपली जबाबदारी कोणती हे त्याला स्पष्ट ठाऊक आहे का, आणि बदल करताना त्याला आधी सांगितले जाते का. आमच्या पाळ्यांचा तक्ता यांतल्या किमान दोन प्रश्नांत नापास होता.

आपल्याकडच्या कामगारकल्याणाचा इतिहासही कामाची मांडणी बदलण्याचाच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आणि १९२० साली पगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला, तेव्हा देशात या गोष्टींची सक्ती करणारा कायदा नव्हता. आज आपण ज्याला 'वेलबीइंग' म्हणतो त्यातला सर्वांत भरीव भाग या तीन-चार वाक्यांत आहे.

तासांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या औद्योगिक वसाहतींत ४८ तासांवर ओव्हरटाइम धरला की ५५ चा आकडा पार होणे ही नवलाची गोष्ट नाही. ओव्हरटाइम कामगारालाच हवा असतो, असे मालक सांगतात, आणि ते बहुतांशी खरेही असते, कारण मूळ पगारात घर चालत नाही. म्हणूनच ओव्हरटाइमच्या नोंदवहीत तीच दहा-बारा नावे दर महिन्याला दिसत असतील, तर तो आरोग्याइतकाच पगाराचाही प्रश्न आहे, हे ओळखावे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. बारा तासांची परवानगी मिळाली म्हणून बारा तास घ्यावेत असे नाही, विशेषतः दाबयंत्रावर आणि भट्टीपाशी, जिथे शेवटच्या दोन तासांत बोटे जातात.

पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवाव्यात, कारण शरीराला झोप पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांचे अंतर असावे, हा युरोपीय संघातला नियम आपणही पाळायला हरकत नाही. आणि तक्ता दोन आठवडे आधी लावावा.

आता रजेकडे येऊ, कारण माझ्या मते या विषयाची खरी किल्ली तिथे आहे. आमच्याकडे एक सेटर होते, म्हणजे नव्या कामासाठी यंत्र जुळवून लावून देणारे. पंधरा वर्षांचा अनुभव, चार व्हीएमसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कटाई-यंत्रांची सेटिंग त्यांच्या एकट्याच्या हातात, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या नावावर शंभरहून अधिक दिवसांची रजा साठलेली होती, आणि याचे आम्हाला कौतुक वाटे. प्रत्यक्षात त्यांना रजा मिळतच नव्हती. अर्ज आला की उत्पादन विभागाचे उत्तर ठरलेले असे: "अण्णा, तुम्ही गेलात तर यंत्रं उभी राहतील." भाचीच्या लग्नात ते अक्षता टाकून दुसऱ्या पाळीला हजर झाले होते. रजेचे धोरण आमच्याकडे छापील होते, मंजूर होते, भिंतीवर होते. ते वापरता येत नव्हते, कारण ते काम दुसऱ्या कोणालाच येत नव्हते.

म्हणूनच स्वास्थ्य आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या फायली करू नयेत. एकाच माणसाला येणारे काम हे त्या माणसाच्या गळ्यातले लोढणे असते, आणि दुसऱ्याला ते शिकवणे हीच पहिल्याची रजा असते. कर्मचाऱ्यांच्या विकासाविषयी बोलताना आपण बढती, व्यक्तिमत्त्व, नेतृत्व अशा शब्दांकडे वळतो. दीडशे माणसांच्या कारखान्यात विकासाची सुरुवात 'हे यंत्र आणखी कोणाला लावता येते?' या प्रश्नापासून होते.

त्यासाठी साधन साधे आहे. बहुतेक कारखान्यांत स्किल मॅट्रिक्स म्हणजे कौशल्याचा तक्ता असतो. डावीकडे नावे, वर यंत्रे किंवा कामे, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचे वर्तुळ. एक भाग रंगवलेला म्हणजे काम समजते. दोन म्हणजे कोणाच्या देखरेखीखाली जमते. तीन म्हणजे एकट्याने जमते. चारही रंगवले म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते. दुर्दैवाने हा तक्ता ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या रात्री क्वालिटीचा मुलगा स्केचपेन घेऊन भरतो. तो खरा भरला, दर तीन महिन्यांनी कामगारासमोर बसून भरला, आणि उभ्या रांगेत चार भाग रंगवलेले एकच वर्तुळ कुठे आहे ते पाहिले, की पुढचे वर्षभर कोणाला काय शिकवायचे ते आपोआप समोर येते.

अडचण पुढे आहे. अनुभवी माणूस हातचे राखून शिकवतो. त्यात त्याचा स्वभावदोष नसतो; आपले कौशल्य दुसऱ्याला दिले की आपली किंमत कमी होईल, ही त्याची भीती अनुभवातून आलेली असते. ती बोलून जात नाही. शिकवणाऱ्याला दरमहा भत्ता द्यावा, त्याच्या हाताखालचा मुलगा तिसऱ्या भागावरून चौथ्यावर गेला की त्याची नोंद शिकवणाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात व्हावी, आणि शिकणाऱ्याचा पगार त्याच महिन्यात वाढावा, एप्रिलची वाट पाहू नये. "शिकवलेला पोरगा शेजारच्या प्लॉटमध्ये दोन हजार जास्त घेऊन जातो," ही मालकांची तक्रार मी पुष्कळ ऐकली. तो मुलगा जातो तेव्हा बहुधा त्याला यंत्र लावता येत असते आणि पगार अजून हेल्परचा असतो.

शिकणे कामाच्या तासांत हवे. पाळी संपल्यावर कँटीनमध्ये घेतलेल्या प्रशिक्षणात माणसे डोळे उघडे ठेवून झोपतात. आठवड्याला एक तास, यंत्राशेजारी, मराठीत, हातात व्हर्नियर आणि समोर खराब झालेला जॉब घेऊन जे शिकवले जाते ते टिकते. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी नाशिकचेच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी करत पदवी घेणाऱ्याला मालकाकडून लागते काय, तर परीक्षेच्या आठवड्यात रात्रपाळी नको आणि अर्ज फेटाळला जाऊ नये. शिकाऊ उमेदवारांचा विषय मात्र मला अस्वस्थ करतो. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ते घेतलेही जातात आणि वर्षभर पॅकिंगला उभे केले जातात. वर्षानंतर त्या मुलाच्या प्रमाणपत्रावर 'फिटर' लिहिलेले असते आणि त्याला चिकटपट्टी उत्तम लावता येते.

हे सगळे अंमलात आणणारा किंवा पाण्यात घालवणारा माणूस म्हणजे सुपरवायझर. आपण सर्वांत चांगल्या ऑपरेटरला एका सोमवारी सुपरवायझर करतो, त्याला वेगळ्या रंगाचा शर्ट देतो आणि माणसे सांभाळायला कोणीही शिकवत नाही. मग त्याला त्याच्या सुपरवायझरने जसे वागवले तसाच तो वागतो. त्याला निदान एक गोष्ट शिकवावी: चार दिवस गैरहजर राहून परतलेल्या माणसाशी कसे बोलावे. "काय रे, सासरवाडीला मुक्काम होता का?" असे दहा जणांसमोर विचारले की त्या माणसाने सांगायचे ते गिळलेच समजा. बाजूला घेऊन "आता बरं आहे का? घरी काही अडचण? आज लगेच यंत्रावर उभं राहायला जमेल, की दोन दिवस तपासणीला बसतोस?" एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात. आजारपण, आईचे दुखणे, सावकाराचा तगादा, दारू यांपैकी काय आहे ते बऱ्याचदा त्या दोन मिनिटांत कळते.

कळल्यावर सुपरवायझरने डॉक्टर होऊ नये. कामाच्या सततच्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयी तुटलेपण आणि आपल्याला काही जमत नाही ही भावना यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट' म्हणून व्यवसायाशी निगडित घटना मानले आहे. तिने त्याला आजाराचे नाव दिलेले नाही. नैराश्य किंवा चिंता यांसारख्या आजारांना मात्र उपचार लागतात. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक नोटीसबोर्डापेक्षा शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, तिथे तो कोणी पाहत नसताना लिहून घेता येतो. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेतून (ईएसआय) आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. हे किती कामगारांना ठाऊक आहे, असे मी एकदा कँटीनमध्ये विचारले तेव्हा तीन हात वर झाले. आणि कोणाच्या मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्या रुग्णाला दिलेला हक्क आहे. ती चहाच्या टपरीवर चर्चा करण्याची गोष्ट नाही.

काही गोष्टी थोडक्यात. पगार ठरल्या तारखेला व्हावा. आठ तारखेला हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि त्या रात्री घरात भांडण होते. कंत्राटी कामगार त्याच लाइनवर असतील तर पाणी, कँटीन आणि बस त्यांनाही तीच असावी. स्त्रियांसाठी स्वच्छ आणि आतून कडी लागणारे शौचालय हे कोणत्याही महिला दिनाच्या कार्यक्रमाआधी येते, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर ही २०१७ पासून कायद्याची अट आहे.

हे सारे साधते आहे का, हे तपासण्यासाठी मालक सर्वेक्षण करतात. लहान कारखान्यात निनावी सर्वेक्षण बहुधा निनावी राहत नाही: विभाग, वय आणि सेवेची वर्षे विचारली की पेंटशॉपमधली पन्नाशीची व्यक्ती कोण, हे सगळ्यांनाच समजते, मग प्रत्येक जण 'उत्तम'वर खूण करतो. त्यापेक्षा कपाटातल्या नोंदवह्या उघडाव्यात. कोणत्या विभागात सोमवारची गैरहजेरी जास्त आहे, कोणाच्या रजा वारंवार नाकारल्या जातात, पहिल्याच वर्षी किती जण सोडून जातात, किरकोळ जखमा कोणत्या पाळीत आणि पाळीच्या कितव्या तासाला होतात, हे तिथे तारखेनिशी लिहिलेले असते.

आमचा तक्ता दोन आठवडे आधी लावायला सहा महिने गेले. ग्राहकाचे वेळापत्रक शुक्रवारी बदलते, हा उत्पादन विभागाचा आक्षेप रास्त होता. शेवटी बहुतेकांच्या पाळ्या कायम ठेवून, ऐनवेळी पाळी बदलायला स्वखुशीने तयार असलेल्या आठ जणांची वेगळी यादी केली आणि त्यांना प्रत्येक बदलासाठी भत्ता ठरवला. एकाच यंत्रावर तीन भाग रंगवलेल्या दोघांना आपसात पाळी बदलण्याची मुभा दिली. त्यासाठी आधी तशी माणसे तयार करावी लागली, आणि सर्वाधिक वेळ त्यातच गेला.

पुढच्या वैशाखात अण्णांनी मुलीच्या लग्नासाठी बारा दिवसांची रजा घेतली. हळदीच्या दिवशी त्यांना कारखान्यातून एकच फोन गेला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलाला डायल गेजच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती.